तुमच्यावर तर न्हाई ना उडालं?

पुणे, ता. ८ नोव्हेंबर १९३६

ती. सौ. ठकुआक्काच्या चरणी धाकट्या सावळारामाचा साष्टांग नमस्कार.

आक्का, कागद धाडायला उशीर झाला, शिव्या घालू नकोस. मार्गासनीला गंगाधर मास्तर तुझी पत्रं ओसरीवर सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचतात, ते मला ठाऊक आहे. म्हणून तुझे सासरे रखमाजी मामा, भावजी, मास्तर, सगळ्यांना आधी रामराम.

बोलपटाच्या कंपनीत मी रंगाचे डबे उचलायला लागलो, एवढं तुला माहीत आहे. पुढचं सांगतो. गेल्या वर्षी एका देवादिकांच्या चित्राचं काम चाललं होतं. राजाच्या लग्नाची पंगत. पानं मांडली, दिवे पेटले, आणि राजाचं काम करणारे तोंड रंगवून घ्यायला गेले ते येईचनात. मालक तापले. म्हणाले, कुणीतरी काहीतरी करा रे, दिवे फुकट जळतायत! माझ्या हातात वाढप्याचं घंगाळ होतं. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी ते घेऊन पडलो. पडून एक वाक्य बोललो. मालक पोट धरून खाली बसले. ते तसंच चित्रात ठेवलं. थेटरात लोक राजाला विसरले, आणि तो वाढपी परत दाखवा म्हणून शिट्या मारायला लागले.

झालं! वाढप्याचं नाव हरबाजी ठेवलं. मग 'हरबाजी लग्नात' काढला, त्यावर 'हरबाजी कचेरीत', आता 'हरबाजी आगगाडीत' चालू आहे. दर खेपेला हातात काही तरी असतं, पाय सरकतो, मी पडतो, तेच वाक्य बोलतो, आणि लोकांना तेच पायजे असतं. काय बोलतो ते कागदावर सांगण्यात मजा न्हाई.

रामनवमीच्या उत्सवाला भोरात तंबू येणार आहे, त्यात 'हरबाजी लग्नात' दाखवतील म्हणे. तुम्ही बघा न बघा, पण आपल्या आबाला नेऊ नकोस. तंबूत धूर असतो, त्याच्या डोळ्यांना सोसायचा न्हाई.

तुझा,
सावळा

---

मार्गासनी, ता. २२ नोव्हेंबर १९३६

चि. सावळारामास ठकुबाईचे अनेक आशीर्वाद. सांगते तसं लिवा म्हनून मास्तरास्नी बजावलंय.

अरं सोन्या, तुजा कागद वाचला आन ओसरीवर ही गर्दी! मास्तरांनी दोनदा वाचला. मामंजींनी सांजच्याला मला "ठकुबाई" म्हनून हाक मारली. लगीन होऊन आल्यापास्नं पयल्यांदा. आजवर काय म्हनत हुते ते तुला ठावं हाय, ते लिवत न्हाई. माझ्या भावाचं चित्र पुन्यात चालतंय, आता कोन काय म्हनंल? मी पानवठ्यावर पन मान वर करून जाते बघ.

आबाच्या डोळ्याचं काय सांगतोस मला? वेल्ह्याच्या डोंगरावर पल्याडल्या अंगाला शेळी चुकली तर तिचा कान फाटलाय का न्हाई ते सांगतोय त्यो. उगं थापा मारू नगंस. मागल्या आयतवारी वड्यापाशी भेटला. घरात येत न्हाई, तुला म्हाईत हाय. मीच सांगून ठिवलंय, काय करू, हितल्या लोकांची तोंडं कोन धरनार? वड्याकाठी बसून मी भाकरी दिली आन तुजं सांगितलं. भाकरी हातात तशीच ऱ्हायली. म्हनला, "सावळा दिसतो व्हय त्यात? हालतो, बोलतो? मी जाईन बघायला." जल्मात त्यानं कुनाकडं काय मागितलं न्हाई. आन तू म्हनतोस नेऊ नगं!

त्या हरबाजीचं वाक्य काय ते कळव. पोरंबाळं माझं डोस्कं खाऊन ऱ्हायल्यात.

तुजी आक्का

ता. क. नाताळच्या सुटीत मी पुण्यास मेहुण्यांकडे जात आहे. आपला बोलपट आवर्जून पाहीन आणि येथे सर्वांना साभिनय सांगेन. — गंगाधर

---

मार्गासनी, ता. ३ जानेवारी १९३७

सावळाराम,

आशीर्वाद लिवू नका मास्तर. सरळ लिवा. आन तुमच्यावर बोलले तरी गाळू नका.

काल मास्तर पुन्यास्नं आले. ओसरी भरली. मामंजी, आत्याबाई, शेजारपाजारची, सगळी. मास्तर उठून उभं ऱ्हायलं, हातात पितळी घेतली, धोतराचा सोगा डाव्या हातानं वर धरला आन चालून दावलं. मला तवाच कसंसं झालं. मग पडले, आन खाली पडल्या पडल्या दोनी हात जोडून म्हनले, "पाव्हणं, तुमच्यावर तर न्हाई ना उडालं?"

मास्तर बिचारे वर बघाय लागले, का हसंनात म्हनून. त्यास्नी काय ठावं, ते भोरचे. मग आत्याबाई फिसकन हसल्या. आन मग सगळी ओसरी जी हसायला लागली सावळ्या, ती मी चुलीपाशी जाऊन बसले तरी थांबंना.

मास्तर, आता तुमी बी ऐका. ते माझं लगीन. मांडवात पंगत बसलेली, आबा गुळवण्याचं घंगाळ घिऊन वाढत हुता. पाय सरकला. समदं गुळवणी त्याच्या पागोट्यावर, मिशीवर, अंगरख्यावर. आन तसाच पडल्या जागी हात जोडून व्याह्याला इचारतोय, तुमच्यावर तर न्हाई ना उडालं. वऱ्हाड लोळलं हसून. नवरानवरी सोडून समदी आबाकडं बघत हुती. आन मी बाशिंग बांधून बसलेली, माझ्या बापाच्या मिशीवरनं गुळवणी गळतंय ते बघत. त्या दिवसापास्नं ह्या घरात मी "गुळवण्याची". गुळवण्याची, पानी आन. गुळवण्याची, चूल पेटव. पाव्हणा आला की आधी तीच गोष्ट. म्हनून आबाला म्या दारात येऊ दिलं न्हाई. आला की त्येच्या तोंडावर नक्कल करतील, आन त्यो हसून घेईल. ते मला बघवलं नसतं.

आन तू? तू त्या मांडवात न्हानगा हुतास, माझ्या मांडीला मांडी लावून बसलेला. तुला बी दिसलं हुतं. आमी ते एका गावापुरतं झाकून ठिवलं, तू सगळ्या मुलखाला तिकीट लावून दावलंस. वर म्हनतोस धूर असतो. लाज वाटती का रं थोडी?

आबा रोज इचारतोय, तंबू कवा येनार.

ठकुबाई

---

पुणे, ता. १४ जानेवारी १९३७

ती. सौ. आक्कास नमस्कार.

लाज वाटते. मास्तर, हे मोठ्यानं वाचा, वाचायला सांगतोय मी.

आक्का, त्या दिवशी मी घंगाळ घेऊन पडलो तेव्हा आबा माझ्या मनात नव्हता, असं सांगितलं तर खोटं होईल. तोच होता. मालक ओरडले, मला घाम फुटला, नोकरी जाईल वाटलं, आणि माणूस हसवायचा कसा, याची मी बघितलेली एकच तऱ्हा होती. ती आबाची. पडलो, हसले, सुटलो. पुढं हरबाजीला पोषाख कसला द्यायचा म्हणून मालकांनी विचारलं, तेव्हा पागोटं कलतं बांधा, असं मीच सांगितलं. धोतराचा सोगा डाव्या हातात, ते मीच सांगितलं. एकदा माणूस घसरला की कुठवर जातो बघ.

इथं गिरणीतली माणसं दिवसभर राबून येतात आणि तीच ती पडझड परत परत बघतात. एकानं मला सांगितलं, "दुसरे विदूषक पडले की आपलं अंग चोळतात. तुमचा हरबाजी सगळं अंगावर सांडून घेतो आणि दुसऱ्याचं धोतर बघतो, म्हणून तो आमचा वाटतो." मी मान हलवली, जसं काय ते मी माझ्या डोक्यानं काढलंय. रस्त्यात कुणाचा पाय घसरला तर पोरं "तुमच्यावर तर न्हाई ना उडालं" म्हणून ओरडतात. दर वेळी माझं तोंड काळं होतं.

मालकांना म्हणालो, भोरला ते चित्र धाडू नका. म्हणाले, तुझ्या मुलखात तुझं चित्र न्हाई म्हणजे काय, वेड लागलं काय तुला?

आता तुझ्याच हातात आहे. काहीही कर, आबा आजारी आहे म्हण, बैल लंगडतोय म्हण. पण त्याला ते बघू देऊ नकोस. पाया पडतो.

सावळा

---

मार्गासनी, ता. २६ एप्रिल १९३७

सावळारामास ठकुबाईचा आशीर्वाद.

मास्तरांनी घरात बसून लिवू का इचारलं. म्या म्हनलं न्हाई, ओसरीवरच. मामंजी हितंच बसल्यात. ऐकू द्या. आबानं मला सांगू नगं म्हनलं हुतं, तरी सांगते. मग मला काय करायचं ते करा.

नवमीच्या आदल्या दिशी वेल्ह्याचा मानूस सांगत आला, तुमचा आबा भोरला चालत निघाला. म्या तुझ्या भावजींना गाडी जुपायला लावली. कापूरहोळावरनं भोरात पोचलो तवर दिवस बुडाला हुता. तंबूत मधी दोरी बांधलेली, अल्याड बाया, पल्याड बापे. आबा पुढं भुईवर बसला हुता. धुतलेलं पागोटं, नवी काठी. मी दोरीपाशी जाऊन बसले. हाक मारंल मारंल म्हनते, तवर दिवे घालवले.

तू दिसलास. आबा उडालाच! शेजारच्याचा खांदा धरून हालवतोय, "माझा ल्योक! सावळा माझा! बोलतोय बघा!" लोक गप बस म्हनत हुते, पन हसून. मग मांडव आला. पंगत आली. घंगाळ आलं. तू पडलास, हात जोडलंस, बोललास. तंबू फाटंल असं हसले. आबाचं पागोटं जराबी हाललं न्हाई.

तेवढ्यात रीळ तुटलं. बत्ती लावली. त्या उजेडात शेजारच्यानं आबाकडं बघितलं, पागोटं बघितलं आन वरडला, "आरं, हरबाजी तर हितं बसलाय की!" झालं. धा जनांनी उचलला आन पांढऱ्या पडद्यापुढं नेऊन उभा केला. "म्हातारबा, पडून दाव! पड की रं हरबाजी!" कुनीतरी पान्याची बादली हातात दिली.

सावळा, म्या हाक मारली न्हाई. दोरी हातात हुती, नुसती वाकून पलीकडं जायाचं हुतं. हाक मारली असती तर समद्यांनी वळून बघितलं असतं, ही कोन, हरबाजीची लेक. म्या पदर तोंडावर वढला.

आबानं समद्यांकडं बघितलं. बायांकडं बी बघितलं. मला बघितलं का न्हाई, देवाला ठावं. मग त्यो पडला. ह्या वयात! बादली उपडी झाली, पानी पागोट्यातनं गळाय लागलं, आन दोनी हात जोडून म्हनला, "पाव्हणं, तुमच्यावर तर न्हाई ना उडालं?" टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. मग रीळ जोडलं, बत्ती गेली, आन त्यो वलाच खाली बसून ऱ्हायला.

खेळ सुटल्यावर तुझ्या भावजींनी आबाला गाडीत घेतलं. परतीला मी रडाय लागले. आबा म्हनला, "रडतीस कशाला? लागलं न्हाई. डोंगरावरनं गवताचा भारा घिऊन उतरताना किती येळा पडलोय, मला पडता येतं. सावळा पडताना आधी हात टेकतोय. मनगट जाईल एक दिशी, त्याला सांग."

म्या म्हनलं, आबा, तू मुद्दाम पडलास?

म्हनला, "आज बी मुद्दाम, तवा बी मुद्दाम."

मग त्यानं सांगितलं. पंगत बसली तवा वऱ्हाडात कुजबूज चालली हुती. नवऱ्याच्या मामाला दिलेलं पागोटं हलकं हाय म्हनून रखमाजी पाव्हणं रुसलं. पान सारलं, नवऱ्याला दंडाला धरून उठवाय लागलं. अजून कुनाला कळलं नव्हतं, आबाला तेवढं दिसलं. वऱ्हाड मागारी गेलं असतं, तर माझ्या अंगावरची हळद वाया गेली असती. मनवाया येळ नव्हता, दुसरं पागोटं घरात नव्हतं. हातात घंगाळ हुतं. त्यो पडला. मामंजी हसाय लागले, आन हसता हसता खाली बसले. हसलेला मानूस परत रुसून उठत न्हाई. लगीन पार पडलं.

म्या म्हनलं, इतकी वर्सं मला का सांगितलं न्हाईस? आईला बी न्हाई?

म्हनला, "सांगितलं असतं तर पाव्हण्याला कळलं असतं, की ह्यानं आपल्याला हसवून बसवलं. मग त्यांनी तुला नांदवली असती व्हय? त्यांच्यापरास मी येडा ठरलेला बरा."

आता पुढचं लिवा मास्तर, थांबू नका. गाडी वड्यापाशी आली. आबानं तुझ्या भावजींना गाडी थांबवाय सांगितली. काठी घेतली, उतरला. म्हनला, "तुझ्या वेशीतनं न्हाई येत. मी वड्यावड्यानं जातो." आन मी, समदं ऐकून, गाडीतच बसून ऱ्हायले. त्यो दिसंनासा झाला तरी.

तुला म्या लाज काढली हुती. आता मी कुनाला तोंड दावू? आखाजीच्या सणाला तू तरी ये.

ठकुबाई

ता. क. लिहीत असता रखमाजी उठून गोठ्यात गेले. तेथे गुरे नाहीत, सारी चरावयास गेली आहेत. अद्याप बाहेर आलेले नाहीत. ओसरीवर ती नक्कल मी करून दाखवली, त्याबद्दल मलाही क्षमा असावी. — गंगाधर

---

पुणे, ता. ६ मे १९३७

आक्कास नमस्कार.

तुझा कागद आला आणि दुसऱ्याच दिवशी मी निघालो. आबाचे पाय धरायचे, बाकी काही न्हाई, असं ठरवून. मोटारीनं कापूरहोळपर्यंत आलो. फाट्यावर चहा घ्यायला उतरलो तर चहावाल्यानं ओळखलं. म्हणाला, "हरबाजी! एकदा पड की!" भोवती माणसं जमली. एकानं बशी पुढं केली. मला पडता येईना. उभंही राहता येईना. समोरून पुण्याची मोटार आली, तीत बसलो आणि परत आलो.

आबाला पडता आलं, भर तंबूत. मला चार माणसांपुढं जमलं न्हाई.

मालकांना सांगितलं, आता पडणार न्हाई. म्हणाले, हरबाजी पडला न्हाई तर तो हरबाजी कसला? खरंच आहे त्यांचं. त्यांना वाटतं, मी जास्त पैसे मागतोय.

आखाजीला बोलावतेस ते वाचलं. माझं पान मांडू नकोस. मला यायला तोंड न्हाई.

सावळा

---

मार्गासनी, ता. १६ मे १९३७

चि. सावळारामास ठकुबाईचे आशीर्वाद.

तोंड न्हाई म्हनं! तोंड आमाला तरी कुठं हुतं? तरी आमी आलो का न्हाई पानावर?

आखाजीच्या आदल्या दिशी मामंजी कुनाला न सांगता वेल्ह्याला गेले. काखोटीला नवं पागोटं. काय बोलनं झालं ते दोघांस्नीच ठावं. सांजच्याला येशीतनं दोघं जोडीनं आले. आबा येशीत जरा थांबला, आन वड्याकडं बघितलं. म्या पळत जाऊन त्याचा हात धरला. लोक बघत हुते. बघंनात का!

दुसऱ्या दिशी पंगत बसली. मामंजींनी आबाला आपल्या पाटावर बसवलं, आन वाढायला सोता उठले. आत्याबाई म्हनल्या, पोरं हाईत की वाढायला. ऐकलं न्हाई. गुळवण्याचं घंगाळ त्यांनीच घेतलं. म्हातारं मानूस, भरलेलं घंगाळ. आबाच्या पानापाशी आले आन भस्सकन आबाच्या धोतरावर सांडलं.

समद्यांचे हात पानावरच ऱ्हायले. मामंजी तसेच उभे. घंगाळ हातात. मग खाली वाकले, आन एवढुशा आवाजात म्हनले, "पाव्हणं, तुमच्यावर तर न्हाई ना उडालं?"

कोन हसलं न्हाई सावळ्या. मास्तर बी पंगतीला हुते, इचार त्यास्नी.

आबानं धोतराकडं बघितलं, मामंजीकडं बघितलं. म्हनला, "उडालं हुतं, पाव्हणं. आता वाळलं. बसा, जेवा."

मामंजी त्याच्या शेजारी भुईवर बसले.

तू मांडू नगं म्हनलास तरी तुजं पान आबाच्या उजव्या अंगाला मांडलं हुतं. समद्यांची जेवनं झाली, आबा जेवून बसला, तुजं पान काय उचलू देईना. "कापूरहोळपातुर आलं हुतं पोरगं, म्हंजी येईल," म्हनत दिवसभर येशीकडं बघत बसला. दिवस बुडाल्यावर सोता उठला, पान उचललं आन गाईपुढं ठिवलं. घरात येऊन मला म्हनला, "पडताना खांदा आधी टेकवायचा, हात न्हाई. पत्रात नीट कळनार न्हाई त्याला. दावायला लागंल."

आता बेंदराला परत मांडनार म्हनतोय.

तुजी आक्का